सोसायटीच्या बंद कारंज्यातले बेडूक : जून ते सप्टेंबर, एका टाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रोडला, येऊरचा डोंगर खिडकीतून दिसतो इतक्या अंतरावर आमची सोसायटी आहे. चार विंग, मागे छोटं गार्डन, गार्डनच्या कंपाउंडला लागून एक मोकळा प्लॉट जिथे पावसाळ्यात गुडघाभर गवत आणि पाणी असतं. सोसायटीचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाहीये. मी कमिटीवर आहे, गार्डन माझ्याकडे आहे, त्यामुळे यात जे बरंवाईट झालं त्यातल्या बऱ्याच गोष्टी माझ्याच निर्णयाने झाल्या.

गार्डनच्या मध्ये एक कारंजं आहे. म्हणजे होतं. पंप जळून दोन वर्षं झाली, दुरुस्तीचं कोटेशन सगळ्यांना महाग वाटलं म्हणून ते तसंच राहिलं. खाली निळ्या टाइल्सची टाकी, साधारण १२ बाय ८ फूट, अडीच फूट खोल, चारही भिंती उभ्या आणि गुळगुळीत. ड्रेनचं भोक पानांनी बुजलेलं. उन्हाळ्यात कोरडी, पावसाळ्यात आपोआप तळं.

नेमका प्रॉब्लेम काय झाला

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस रात्रभर पडला, सकाळपर्यंत टाकीत दीड फूट पाणी. दुसऱ्या रात्री आवाज सुरू झाला आणि तो असा की बी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या लोकांना खिडक्या लावून झोपावं लागलं. दीड वाजता ग्रुपवर पहिला मेसेज आला, अडीचपर्यंत चाळीस झाले. कोणी म्हणालं झोप नाही, कोणी म्हणालं साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यू, कोणी म्हणालं बेडूक आले की मागोमाग साप येणार, आणि एकाने मागच्या प्लॉटमधल्या पिवळ्याजर्द बेडकाचा फोटो टाकून खाली लिहिलं की हा परदेशी विषारी बेडूक आहे, मुलांना खाली सोडू नका. त्या फोटोने जास्त घबराट झाली.

सकाळी सात वाजता सेक्रेटरी काकांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला शनिवारचं बोलावून टाकलं. टाकीत जळकं ऑइल टाकायचं आणि आजूबाजूला फवारणी करायची, एवढं ठरलं पण.

त्याच सकाळी शाळेच्या बससाठी उभी असलेली दोन मुलं मला हाताला धरून टाकीपाशी घेऊन गेली. पाण्यात तळाच्या काड्यांना गुंडाळलेल्या लांबच लांब पारदर्शक दोऱ्या होत्या आणि दोरीच्या आत एकामागे एक काळे ठिपके, अगदी काळ्या मण्यांची पोत पाण्यात पडावी तसं. मुलगी म्हणाली, काकू, हे कोणाचं मंगळसूत्र आहे का. टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या वर वीतभर उंचीवर पांढऱ्या फेसाचे दोन गोळे चिकटलेले होते, तिसरा हाउसकीपिंगच्या मावशींनी साबणाचा फेस समजून ब्रशने घासून काढला होता. त्यांना आम्ही कोणीच काही सांगितलं नव्हतं, त्यांची काहीच चूक नाही.

मी डी विंगमधल्या बाईंना फोन केला. बाई कॉलेजमध्ये झूलॉजी शिकवायच्या, आता रिटायर्ड आहेत. त्या गाऊनवर ओढणी घेऊन तशाच खाली आल्या, गुडघे दुखत असताना टाकीच्या काठावर बसल्या आणि पाच मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, दोन वेगवेगळ्या जातींची अंडी आहेत गं, आणि शनिवारपर्यंत यातली बरीचशी पिल्लं होऊन पोहायला लागलेली असतील.

टाकीत नक्की काय होतं

हे समजल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत म्हणून थोडं सविस्तर.

मण्यांची माळ होती ती भेकाची. आपण सरसकट बेडूक म्हणतो पण तो खरखरीत कातडीचा, अंगावर फोड असलेला, जिन्याखाली दिव्याजवळ किडे खात बसतो ना, तो भेक. मादी एका वेळी हजारोंनी अंडी घालते, जेलीच्या दोन लांब माळांमध्ये. फेसाचे गोळे होते ते झाडबेडकाचे. हा कधीकधी बाथरूमच्या खिडकीतून आत येतो आणि टाइल्सवर चिकटून बसतो, बोटांच्या टोकाला गोल चकत्या असतात त्याच्या. मादी पाण्याच्या वर, पानावर किंवा भिंतीवर, अंगातून आलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून फेस करते आणि त्यात अंडी घालते. बाहेरून फेस सुकून पापुद्रा होतो, आत ओलावा राहतो. चार-पाच दिवसांनी पिल्लं फेसातून सुटून खाली पाण्यात टपटप पडतात. म्हणून फेसाच्या बरोब्बर खाली पाणी असावं लागतं.

पिवळा बेडूक परदेशी वगैरे काही नव्हता. तो आपला नेहमीचा मोठा बेडूक, शेतात असतो तो. पहिल्या पावसात नर असे लिंबासारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या होतात, सीझन संपला की पुन्हा हिरवट-मातकट. एकेकाळी याच बेडकांचे पाय भारतातून परदेशात जायचे, १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली, हे बाईंनी ग्रुपवर लिहिल्यावर फोटोचा विषय तिथेच मिटला.

आणि आवाजाचं. आवाज करतात ते नर, गळ्याची पिशवी फुगवून, मादीला बोलवायला. टाकीतला जमाव पहिल्या जोरदार पावसानंतरच्या काही रात्रींपुरता असतो, अंडी घातली की बहुतेक जण निघून जातात. म्हणजे ज्या तक्रारीसाठी आपण ऑइल टाकायला निघालो होतो ती तक्रार शनिवारपर्यंत आपोआप संपणार होती. झालंही तसंच, पाचव्या रात्री सगळं शांत.

समोर कोणते पर्याय होते

गुरुवारी रात्री क्लबहाउसमध्ये तातडीची मीटिंग घेतली, वीस-बावीस जण आले. आवाजाची काळजी उरली नव्हती पण डासांची होती आणि ती खरी होती, आदल्या वर्षी सोसायटीत डेंग्यूच्या केसेस झालेल्या. एका घरातली आजी आठवडाभर ॲडमिट होती, तिचा मुलगा मीटिंगला होता आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं अजिबात नव्हतं.

ऑइल टाकायचं तर डासाच्या अळ्या मरतात कारण त्या वर येऊन नळीतून हवा घेतात आणि तेलाच्या थराने ती नळी बंद होते. पण बेडकाची पिल्लं कल्ल्यांनी आणि कातडीतून श्वास घेतात, त्याच तेलात तीही गुदमरतात, आणि टाकी पुढे महिनोन्महिने खराब. टेमेफॉससारखं औषध टाकायचं तर ते ऑर्गॅनोफॉस्फेट, किड्याच्या मज्जासंस्थेवर चालणारं, पिल्लांनी भरलेल्या पाण्यात ते नको असं बाईंचं ठाम मत. टाकी उपसून कोरडी करायची हा सगळ्यात सोपा आणि डासांसाठी सगळ्यात पक्का उपाय, पण अंडी गेलीच.

डास खाणारे मासे सोडायचे हे बऱ्याच जणांना आवडलं होतं, मलाही. पण गँबुशिया मासा मुळात अमेरिकेतला, तो डासाच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी आणि छोटी पिल्लंही खातो, आणि टाकी भरून वाहिली की मासे गटारातून नाल्यात जाणार. कोणीतरी म्हणालं सगळं बादल्यांमध्ये भरून उपवन तलावात सोडून या. तेही बरोबर नव्हतं, तिथे आधीच मासे आहेत, एका पाण्यातला रोग दुसऱ्या पाण्यात नेण्याची भीती आहे, आणि फेसाचा गोळा उचलला की मोडतो.

शेवटचा पर्याय बाईंनी मांडला. टाकी आहे तशी ठेवा पण डासांसाठी बीटीआय टाका. हे एका जीवाणूपासून बनवलेलं औषध आहे, डासाच्या अळीने खाल्लं की तिच्या आतड्यावर परिणाम होऊन ती मरते, बेडकाच्या पिल्लांना काही होत नाही. आणि दर चार दिवसांनी पाणी तपासा. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, चार दिवसांनी बघितलं तर निसटायला वेळच मिळत नाही.

काय ठरलं

मतदान घेतलं, बाईंचा पर्याय तेरा विरुद्ध आठ मतांनी पास झाला. पण अटी घालून. एक, टाकीत एकदा जरी डासाचे कोष (अळीनंतरची, उडायच्या आधीची अवस्था) मिळाले तरी त्याच दिवशी टाकी रिकामी. दोन, गणपतीच्या आधी टाकी मोकळी आणि स्वच्छ हवी, कारण सोसायटीतल्या शाडूच्या मूर्तींचं दीड दिवसाचं विसर्जन तिथेच होतं. तीन, जबाबदारी माझी आणि बाईंची. ज्याची आजी आजारी होती त्यानेच पहिली अट लिहून घेतली आणि मला ती बरोबर वाटली, त्या अटीमुळेच आम्ही पुढे एकही तपासणी चुकवली नाही.

प्रत्यक्षात काय केलं

तपासणी म्हणजे पांढरा मग, काठाकाठाने दहा वेळा पाणी काढायचं आणि उजेडात बघायचं. एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची अळी डोकं खाली करून तिरकी लटकते, ॲनॉफिलिसची, म्हणजे मलेरियाच्या डासाची पाण्याला समांतर पडून राहते, हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकलो. टाकीत अळ्या मिळाल्या दोनदाच, दोन्ही वेळा बारीक, बीटीआयनंतर गेल्या. चतुराच्या अळ्याही होत्या, त्या डासाच्या अळ्या खातात आणि बेडकाची पिल्लंही धरतात. आरोग्य विभागाचे लोक जुलैत तपासणीला आले तेव्हा त्यांना एडिसच्या अळ्या सापडल्या त्या सहा फ्लॅटमध्ये, मनी प्लँटच्या बाटलीत आणि कुंडीखालच्या ताटलीत. त्यानंतर रविवार हा कोरडा दिवस, म्हणजे घरातलं साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा दिवस, म्हणून सगळ्यांनी मनावर घेतला.

आता टाकीतलं. दोन दिवसांत माळांमधले मणी लांबट झाले, मग जेली सोडून भिंतीला चिकटून लटकू लागले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना बारीक झालरीसारखे कल्ले. काही दिवसांत ते कल्ले कातडीखाली झाकले गेले. बाईंनी एक पिल्लू काचेच्या बरणीत घेऊन मुलांना भिंगातून दाखवलं, डाव्या कुशीवर एक छोटं भोक, तोंडातून घेतलेलं पाणी कल्ल्यांवरून तिथून बाहेर पडतं. पोटाच्या पातळ कातडीतून आतडं दिसत होतं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं, लांबच लांब, कारण तेव्हा ते शेवाळ खरवडून खातं. भेकाची पिल्लं काळी कुळकुळीत आणि घोळक्याने फिरणारी, झाडबेडकाची तपकिरी, एकेकटी, नाकाच्या टोकावर पांढरा ठिपका, त्यामुळे वरूनच ओळखू यायची. टॅडपोल हा शब्द सगळ्या मुलांना माहीत होता, बेडूकमासा हा बाईंकडून कळला.

फिनेल बंद केलं हे एक चांगलं काम वेळेवर झालं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीतून ओढून घेतो, श्वासही बराचसा कातडीतूनच, म्हणून ती कायम ओली लागते. ओल्या फरशीवर जे काही असेल ते त्याच्या अंगात जातं. टाकीभोवतीचं दहा फूट नुसत्या पाण्याने धुवायचं असं मावशींना सांगितलं आणि मग त्या स्वतःच बाकीच्यांना सांगू लागल्या, इकडे फिनेल नको हो, इथे पिल्लं आहेत.

ए विंगमधल्या लॅब्रॅडोरने एका भेकाला तोंडात धरलं आणि त्याच्या तोंडातून फेस यायला लागला. भेकाच्या डोळ्यांच्या मागे दोन फुगीर ग्रंथी असतात, दाबल्या की दुधासारखं विष येतं. तोंड पाण्याने धुतलं, व्हेटकडे नेलं, संध्याकाळपर्यंत बरा झाला. त्यानंतर गार्डनमध्ये कुत्र्यांना पट्टा सक्तीचा केला. हात लावल्याने माणसाला चामखीळ येते हे मात्र खरं नाही, हात धुवायचा एवढंच.

जिथे चुकलं

पहिली चूक मुलांच्या प्रेमापोटी झाली. बिस्किटं, पोळीचे तुकडे टाकीत पडायला लागले, दोन दिवसांत पाण्याला वास. पिल्लांच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो, गर्दीत पाणी लवकर बिघडतं, त्यात हे कुजलेलं. मग वाटीभर उकडलेला पालक, आठवड्यातून दोनदा, तेही माळीमामांच्याच हाताने असा नियम केला.

दुसरी चूक माझी, आणि ती मला अजून टोचते. जुलैच्या सुरुवातीला नऊ दिवस पाऊस नव्हता, टाकीत पाणी घोटाभर उरलं. मी रात्री ऑफिसातून आले आणि माळीमामांना फोन करून सांगितलं, नळाचा पाइप लावून भरा. त्यांनी विचारलं, मॅडम, बाईंना विचारलंय का. मी म्हटलं उशीर झालाय, भरा. सकाळी सहाला खाली गेले तर पाण्यावर पांढरी पोटं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने कल्ले आणि कातडी जळते. तेच पाणी दोन ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवून मग थोडं थोडं घातलं असतं तर काही झालं नसतं. मी दोन मग भरून मेलेली पिल्लं काढली. मुलं शाळेत जायच्या आधी काढली, पण त्या मुलीने कमी झालेली पिल्लं बरोबर ओळखली आणि मला विचारलं, आणि मी तिला खरं सांगितलं.

तिसरी चूक आमच्या दोघींची. मागचे पाय आधी येतात, बारीक कोंबासारखे, हे बघून आम्ही खूश होतो. पुढचे पाय आतल्या आत तयार होत असतात, डावा हात त्या कुशीवरच्या भोकातून बाहेर येतो, उजवा कातडी फाडून. त्यानंतर सगळं फार भराभर होतं. शेपूट गळून पडत नाही, अंगातच शोषली जाते आणि तेवढे दिवस पिल्लू काही खात नाही, शेपटीवरच जगतं. खरवडणारं छोटं तोंड जाऊन गालापर्यंत फाकलेलं तोंड येतं, जीभ तयार होते जी पुढच्या बाजूने जोडलेली असते, लांब आतडं आखडतं कारण आता किडे खायचे असतात. आणि कल्ले जातात, फुप्फुसं कामाला लागतात. म्हणजे जो जीव पाच आठवडे पाण्याबाहेर मेला असता तोच आता पाण्यातून बाहेर पडता आलं नाही तर बुडून मरतो. आमची टाकी उभ्या गुळगुळीत भिंतींची. झाडबेडूक चकत्यांमुळे चढून जाईल, पण भेकाला चकत्या नसतात.

हे आमच्या लक्षात आलं तेव्हा चार पाय आणि अर्धी शेपूट असलेली दहा-बारा पिल्लं, नखाएवढी, टाइल्सच्या कडेला तरंगत होती. बाई म्हणाल्या, तीस वर्षं शिकवलं आणि भिंत बघितलीच नाही मी. त्याच दुपारी माळीमामांनी दोन कोपऱ्यांत विटांचा उतार रचला, काठावरून पाण्यात ओलं गोणपाट सोडलं. संध्याकाळी पाऊस आला आणि गोणपाटावरून काळी ठिपक्यांची रांग वर चढत होती, आम्ही सगळे छत्र्या घेऊन उभे होतो. ज्याची आजी आजारी होती तो आजीला व्हीलचेअरवर घेऊन आला होता.

शेवटी काय झालं

भेकाची पिल्लं जुलैच्या शेवटापर्यंत बाहेर पडली. झाडबेडकाची हळू वाढली, १५ ऑगस्टला झेंडावंदनाच्या आधी टाकी धुवायची असा आग्रह झाला तेव्हा बरीच अजून शेपटीवर होती. बाईंनी कमिटीला बरणी आणून दाखवली, दोन आठवडे वाढवून मिळाले. झेंडावंदनाच्या दिवशी रेलिंगवर तीन छोटे झाडबेडूक पाय पोटाशी घेऊन बसले होते, एकाची शेपूट तीळभर उरलेली. त्यातल्या एकाने मुंगी गिळली तेव्हा त्याचे डोळे आत गेले, घास खाली ढकलायला डोळे मदत करतात, मुलांना ते इतकं आवडलं की भाषण कोणी ऐकलं नाही.

साप आला, एकदा, दिवड, बिनविषारी. सर्पमित्राने धरून नेला. ज्यांनी साप येईल म्हटलं होतं त्यांचं बरोबर होतं आणि मीटिंगमध्ये मी ते तसं मान्य केलं. टाकीत डासाचे कोष एकदाही मिळाले नाहीत. ऑगस्टच्या शेवटी उरलेली सात पिल्लं दोन टबांमध्ये त्याच पाण्यात ठेवून टाकी रिकामी केली, धुतली, विसर्जन तिथेच झालं. सातातली पाच सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टबाबाहेर गेली.

पुन्हा करायचं तर

टाकी ठेवायची की नाही हे मी आता जूनमध्ये ठरवणार नाही, मे मध्येच ठरवेन. ठेवायची नसेल तर पावसाआधी ड्रेन उघडायचा, मग अंडीच पडणार नाहीत आणि कोणाला मारायची वेळ येणार नाही. आमच्याकडे ठेवायची असं ठरलंय, कारंजं दुरुस्त होणार नाही, एका बाजूला पक्का सिमेंटचा खरखरीत उतार करून घेतोय. पाण्याचे दोन ड्रम कायम भरलेले आणि उघडे, वर डासांची बारीक जाळी. हाउसकीपिंगच्या मावशींना आणि माळीमामांना पहिल्याच दिवशी मीटिंगला बसवायचं, कारण फेसाचा गोळाही तिथेच वाचला असता आणि त्या रात्री मामांचं ऐकलं असतं तर क्लोरीनचंही झालं नसतं.

एक गोष्ट सुटलेली नाही. बाहेर पडलेली भेकाची पिल्लं पहिल्या पावसाळी संध्याकाळी सरळ मागच्या प्लॉटकडे निघाली आणि मध्ये पार्किंगचा रॅम्प आहे. सात ते नऊ गाड्या येण्याची वेळ. आम्ही दोन संध्याकाळी टॉर्च घेऊन उभे राहिलो, गाड्या थांबवल्या, झाडूने नाही तर सुपलीत घेऊन पिल्लं पलीकडे नेली, तरी किती चाकाखाली गेली सांगता येत नाही. रॅम्पच्या कडेने बोटभर उंचीची पट्टी लावून त्यांना गार्डनच्या बाजूने वळवता येईल का ते बघायला फॅब्रिकेटरला बोलावलंय. मे च्या मीटिंगमध्ये तो तिसरा विषय आहे.